खिडकीत कुणी नाही

५ फेब्रुवारी

ताई,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण तू म्हणशील हिला काहीतरी हवं असणार. म्हणून नुसतंच ताई.

हवं काही नाही. आईची खोली रिकामी करतेय, तेवढं कळवायचं होतं. तुझी एक पेटी निघाली, दोन स्वेटर निघाले आणि पोहण्याच्या शर्यतीत मिळालेला तो कान तुटलेला कप. येऊन घेऊन जा, नाहीतर सांग, पाठवते. तू आईच्या शेवटच्या दिवसांत का आली नाहीस, हे मी विचारणार नाही असं ठरवलंय. बघ, विचारलं नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांना तू दिवसभर फोनवर धीर देतेस, ‘घाबरू नका, आहात तिथेच थांबा, माणूस निघालाय,’ आणि माझा आवाज ऐकला की तुझा स्वतःचा धीर पार आटतो. माझंही तेच होतं. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधेच फोन आपटता येत नाही.

दुकान ठीक चाललंय. लोक सुटतात, पुन्हा बारीक होतात, आणि त्यांचे कपडे उसवून-आवळून माझं पोट भरतं. बुधवारी दुपारनंतर बाजार बंद असतो. तेव्हा मी काय करते सांगू? हसणार नसलीस तर सांगते. चित्र बघायला जाते.

चित्रं नव्हे, चित्र. एकच. आपल्या जुन्या पोस्टाच्या वर शहराचं चित्रसंग्रहालय आहे, तिथे आमचं एक मंडळ जमतं. त्यात कुणीही कलाकार नाही. बेकरीवाले एक गृहस्थ आहेत, त्यांना मी पाववाले म्हणते. निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई आहेत. तिथला रखवालदारही खुर्ची ओढून आमच्यात बसतो, कारण त्याला तसंही बसायचंच असतं. दातांचा एक डॉक्टर एकदा आला होता, पण त्याने चित्रातल्या भिंतीच्या पडलेल्या विटा मोजल्या आणि पुन्हा फिरकला नाही.

आमचं काम असं चालतं. वर्षभर एकच चित्र. आधी बराच वेळ गप्प बसून बघायचं, मग प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, ‘मला दिसतं’ अशी सुरुवात करून. छान आहे, वाईट आहे, चित्रकाराला काय म्हणायचंय, हे काहीही बोलायचं नाही. आणि एक नियम फार कडक आहे. दुसऱ्याने सांगितलेलं आपल्याला दिसलं नाही, तर ‘मला नाही दिसत’ म्हणायचं नाही. दिसेपर्यंत बघत राहायचं.

सुरुवातीला मला वाटलं, ही रिकामटेकड्यांची कामं. आता बुधवार चुकला तर आठवडाभर चिडचिड होते. पाववाल्यांना आभाळात ओव्हनमधून जरा लवकर काढलेल्या पावाचा रंग दिसतो. भूगोलाच्या बाईंना सावल्या दिसतात, सूर्य कुठे आहे ते त्या बोटाने दाखवतात. मला भिंतीवर वाळत टाकलेल्या चादरीची शिवण दिसली, उलट्या बाजूने टाकलेली. चादर वाळत घालणारी बाई घाईत असणार. ते सांगितल्यावर सगळ्यांनी मान पुढे काढून बघितलं आणि पाववाले म्हणाले, “अहो, खरंच की!” तेवढ्या ‘खरंच की’साठी मी आठवडाभर थांबते, ताई.

चित्राचं पोस्टकार्ड सोबत ठेवलंय. डावीकडून येणारा रस्ता, मधे पडकी भिंत, उजवीकडे छोटं घर. बंद दार, एक खिडकी. माणूस कुणी नाही. खाली पाटीवर लिहिलंय ‘रस्ता, दुपार’. चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नाही. मे महिन्यात मंडळाचं वर्ष संपेल आणि हे चित्र तळघरात जाईल, तोवर ते आमचं आहे.

पेटीचं कळव.

टाचणी


२६ फेब्रुवारी

ताई,

पेटीचं कळवलं नाहीस. हरकत नाही, पेटी काही खायला मागत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहत नाहीये मी, एक गंमत सांगायला लिहितेय. गेल्या बुधवारी चित्रात नवीन काहीतरी सापडलं. आणि ते मला सापडलं! इतके महिने बघूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रस्ता जिथे टेकडीमागून बाहेर येतो, अगदी डावीकडे, तिथे कुणीतरी आहे. तिळाएवढं. मी म्हटलं, “मला दिसतं, लांबून कुणीतरी येतंय.”

भूगोलाच्या बाई उठून जवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. शेवटी म्हणाल्या, “आहे. बाई आहे.”

रखवालदार तर माझ्यावर उखडलाच. “आहे म्हणजे काय! पहिल्यापासून आहे. मी इथे नोकरीला लागलो तेव्हापासून बघतोय तिला.” म्हटलं, मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होती? तर म्हणे, कुणी विचारलं नाही.

घरी येताना मला फार आनंद झाला होता. वरून शांत राहिले, पण जिन्यावरून उतरताना गाणं गुणगुणत होते. आपल्याला काही येत नाही, चित्र काढता येत नाही, रंगांची नावं येत नाहीत, तरी आपल्या डोळ्यांना काहीतरी सापडतं. तुझ्या कार्डावर बघ बरं, दिसते का? छपाईत एवढं बारीक येत नसावं कदाचित.

तुझे स्वेटर धुऊन ठेवलेत. एकाला कसर लागली होती, रफू केलंय. शोधून दाखव.

टाचणी


१२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं! पत्र कसलं, एक ओळ. तरी मी ती दुकानात तीनचारदा वाचली आणि एका गिऱ्हाईकाची पँट दोन बोटं जास्त आखूड केली.

‘चित्र खुर्चीसमोर लावलंय. खिडकीत बसलेली बाई कोण?’

ना कशी आहेस, ना पेटीचं काही. ही तूच. पण ताई, खिडकीत कुणी नाही. मी वर्ष होत आलं बघतेय, ती खिडकी मला पाठ आहे. काळी, रिकामी, वरच्या कोपऱ्यात काच तडकलेली. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, तपासून घे. आणि मुळात पोस्टकार्डावर बघून चित्र कळतं का? त्यासाठी इथे येऊन समोर बसावं लागतं. बुधवारी ये. एक खुर्ची रिकामीच असते.

आमची रस्त्यावरची बाई मात्र आता नीट दिसते. तिळाएवढी राहिली नाही, बोटाच्या पेराएवढी झालीय. पाववाल्यांना तिचा कोट दिसला, तपकिरी, करपलेल्या कडेसारखा. इतक्या उन्हात कोट! आम्ही हसलो. तिचा चेहरा मात्र रंगवलेलाच नाही, नुसता एक फिकट ठिपका.

काल भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “मला दिसतं, तिच्या दोन्ही बाह्यांवर मनगटाच्या वर एक फिकट रेघ आहे.”

मी बघितलं. रेघ होती.

ताई, ती रेघ कसली असते हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. बाही आखूड पडली म्हणून उसवून लांब केली, की जुन्या दुमडीची रेघ राहते. कितीही इस्त्री फिरवा, जात नाही. तू नोकरीला निघालीस तेव्हा तुझ्या तपकिरी कोटाच्या बाह्या मीच उसवून लांब केल्या होत्या. ती रेघ बघून तू केवढी तणतणली होतीस, “सगळ्या जगाला कळेल आता, कोट दुसऱ्याचा आहे म्हणून!”

तसे कोट जगात पुष्कळ असतील म्हणा. माझ्यासारख्या शिवणाऱ्याही पुष्कळ असतील.

टाचणी


२ एप्रिल

ताई,

तो कोट अजून तुझ्याकडे आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुला एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी लपवलं. ती बाई मला दिसली नव्हती. त्या बुधवारी माझी पाळी आली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आदल्या रात्री तुझ्याशी मनातल्या मनात भांडून डोकं उठलं होतं, चित्राकडे लक्षच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मनात जे होतं ते बोलून गेले. लांबून कुणीतरी येतंय. मला वाटलं, बघतील, सापडणार नाही, पुढे जातील.

पण आमच्याकडे ‘मला नाही दिसत’ म्हणायची सोय नाही. ते दिसेपर्यंत बघत राहिले, आणि मग ती होती.

संग्रहालयाच्या ज्या दुकानात त्या चित्राची पोस्टकार्डं होती, तिथे मी पुन्हा गेले, आणखी एक घ्यावं म्हणून. संपली म्हणाले. रखवालदाराला एकट्याला गाठून विचारलं, “खरं सांगा, ती पहिल्यापासून होती?” तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू माझंच डोकं फिरलंय. म्हणाला, “बाई, तिचा चालण्याचा आवाज येतो मला संध्याकाळी कुलूप लावताना. आता सवय झालीय.”

हे वाचून तू म्हणशील, मग जाऊ नकोस तिकडे. तुझं बरोबर आहे. पण मी काल गेले आणि काय केलं ते ऐक. सगळ्यांचं सांगून झाल्यावर मी म्हटलं, “मला दिसतं, ती रस्ता सोडून घराच्या वाटेला लागलीय.” हेही मला दिसलं नव्हतं. मला ते हवं होतं. एवढी वर्षं हवं होतं आणि तुला एकदा तोंडाने म्हणाले नाही. पेटी, स्वेटर, कप, नुसती निमित्तं. तू ये, एवढंच म्हणायचं होतं. ते तुला म्हणण्याऐवजी एका चित्राला म्हणाले.

आणि ती वळली होती. सगळ्यांना दिसलं. पाववाल्यांनी डोळे पुसले, का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

उतरताना भूगोलाच्या बाई माझ्या बरोबर होत्या. त्या फारसं बोलत नाहीत. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाल्या, “तुमच्या लक्षात आलंय का? सावल्या लांबल्यात. आपण सुरुवात केली तेव्हा भर दुपार होती.”

ताई, कोटाचं कळव.

टाचणी


१६ एप्रिल

ताई,

काल रस्त्यावर कुणी नव्हतं.

आम्ही बसलो तेव्हाच ते दिसलं, पण आमच्यात सुरुवातीला बोलायचं नसतं. म्हणून सगळे नुसते बसून राहिलो. इतका वेळ की रखवालदाराने पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज कुणाला सहन होईना. रस्ता रिकामा, वाट रिकामी. भिंतीवरची चादरही नव्हती, कुणीतरी उचलून नेली होती.

पहिले पाववाले बोलले. “मला दिसतं, ती पोचली.”

रखवालदार म्हणाला, “मला दिसतं, दार लावून घेतलंय.”

मग भूगोलाच्या बाई. “मला दिसतं, दाराच्या फटीत खाली काहीतरी अडकलंय. तपकिरी.”

मी उठून जवळ गेले. नाक लागेल इतकी जवळ. रखवालदार एरवी ओरडतो, काल ओरडला नाही. दारात कोटाचं टोक अडकलं होतं, ताई. बोटभर कापड. दार घाईने ओढलं की अडकतं तसं. कडेची दुमड सुटली होती आणि तिथे टीप नव्हती, हाताचे टाके होते, पिवळसर दोऱ्याचे. तपकिरी रीळ संपलं होतं त्या दिवशी. तू म्हणाली होतीस, आतून कुणाला दिसतंय, टाक कसलेही.

माझी पाळी होती. मी काहीच बोलले नाही. पहिल्यांदाच.

घरी आल्यावर ठरवलं होतं तुला फोन करायचा, भांडण झालं तर झालं. फोन वाजत राहिला. आज सकाळीही केला. तुझ्या कचेरीत केला तर एका मुलीने उचलला आणि सवयीने म्हणाली, “घाबरू नका, आहात तिथेच थांबा.” मी म्हटलं, मी लिफ्टमध्ये नाही, मला माझी बहीण हवीय. ती म्हणाली, त्या आल्या नाहीत काल. आजही नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?

हे पत्र आत्ताच पोस्टात टाकते. मिळालं की लगेच फोन कर. ओरड, शिव्या दे, काहीही कर.

टाचणी


२४ एप्रिल

ताई,

हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. तरी लिहितेय, कारण मी बोलायला लागले की रडते आणि शिवताना रडलं की सुई बोटात जाते.

तुझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला होता. माझं १६ तारखेचं पत्र तुझ्या दारात पडलेलं त्यांनी बघितलं, मागे दुकानाचा शिक्का होता. मी त्याच दिवशी निघाले. आईच्या वेळी तू आली नाहीस म्हणून मी तुला इतकं बोलले मनात, आणि तुझी खोली मी त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. इतकी छोटी खोली! आणि इतकी नीटनेटकी, लहानपणी तुझा पसारा मी आवरायचे. पलंगाखाली तुझं सामान बांधलेलं होतं. घरमालकीणबाई म्हणाल्या, आई आजारी होती तेव्हापासून ते तसंच आहे. तू दोनदा स्टँडवर जाऊन परत आलीस म्हणे. “मला विचारायची, मी गेले तर धाकटी मला आत घेईल का?”

हे तू मला का विचारलं नाहीस? मी विचारू दिलं असतं का, हे मात्र तू मला विचारू नकोस.

पोलिसांत सांगून झालंय. त्यांनी विचारलं, अंगावर काय होतं. मी सांगण्याआधी घरमालकीणबाई म्हणाल्या, “तपकिरी कोट. मी म्हटलंसुद्धा, अहो, घामाने न्हाऊन निघाल. तर हसल्या. म्हणाल्या, ओळखलं पाहिजे ना तिने मला लांबून.” बुधवारी दुपारी ही गोष्ट झाली. चहा अर्धा प्यालेला होता. दार नुसतं लोटलेलं होतं. पर्स तिथेच.

आणि तुझी खुर्ची. खुर्चीसमोर भिंतीवर कार्ड, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. सीटचं कापड मधे झिजलंय. घरमालकीणबाई सांगत होत्या, “कामावरून आल्या की बसायच्या त्याच्यापुढे. टीव्ही लावत नसत. मी विचारलं, काय बघता एवढं? म्हणाल्या, खिडकीत एक बाई शिवत बसलीय, मान वर करत नाही. एकदा मान वर केली की मी जाईन. मग एक दिवस हिरमुसल्या. धाकटीने लिहिलंय म्हणे, खिडकीत कुणी नाही. मी म्हटलं, मग सोडा नाद. तर म्हणाल्या, तिला दिसत नसेल, ती आतच बसलीय ना.”

सगळे खोलीतून बाहेर गेल्यावर मी तुझ्या खुर्चीत बसले. आमच्या नियमाप्रमाणे, गप्प, हात मांडीवर. कार्डावर रस्ता रिकामा होता, पहिल्या दिवशी होता तसाच. मी खिडकीकडे बघत राहिले. काळी. वरच्या कोपऱ्यात तडा. पाय बधिर झाले, खाली रस्त्यावरची वर्दळ कमी झाली, मी उठले नाही.

मग मला दिसली. वाकलेली मान, केस मागे घट्ट बांधलेले. गळ्यात पिवळी टेप, माझी असते तशी, एक टोक लांब, एक आखूड. समोर मांडीवर तपकिरी कापड.

ताई, मंडळात मी कुणाला कधी ‘मला नाही दिसत’ म्हणाले नाही. पाववाल्यांनी एकदा आभाळात मांजर सांगितलं, तेसुद्धा मी घाम गाळून बघितलं. तू मला आयुष्यात एकच गोष्ट बघायला सांगितलीस आणि मी तुला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला.

तू मला भेटायला निघालीस. तुला वाटलं मी आत आहे. आणि मी इथे होते, दुकानात, कुणाच्या तरी पँटला चेन लावत. तू त्या घरात गेलीस आणि आत कुणी नव्हतं.


६ मे, बुधवार, सकाळ

ताई,

आज मंडळाचा शेवटचा बुधवार. उद्या चित्र तळघरात जातं, कापडात गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून. रखवालदाराने साहेबांना विनवून पाहिलं. साहेब म्हणाले, एका चित्रासाठी नियम बदलत नाहीत.

मधल्या बुधवारी आम्ही तुला बाहेर काढायचा प्रयत्न केला. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, “मला दिसतं, दार उघडतंय.” सगळ्यांनी बघितलं, पाववाल्यांच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या, पण दार हललं नाही. आतून कडी असेल तर बाहेरच्यांनी कितीही म्हणून काय उपयोग? फक्त भूगोलाच्या बाईंना काहीतरी दिसलं. आभाळाचा रंग गेलाय, पाटीवर अजून ‘दुपार’ लिहिलंय पण चित्रात आता दिवेलागण झालीय. “आणि मला दिसतं,” त्या म्हणाल्या, “खिडकीत हात टेकवून कुणीतरी बाहेर बघतंय. वाट बघतंय.”

मला दिसलं. पाच बोटं, काचेला चिकटलेली. मी घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले, आणि मग ठरवलं.

पाववाल्यांकडे गेले, बेकरीत. ते पीठ मळत होते. म्हटलं, बुधवारी तुमची पाळी पहिली. एक गोष्ट सांगाल? त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले, पुन्हा पिठात घातले.

“शिवणबाई, सांगितलं की ते परत घेता येत नाही हो.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“आणि तुम्ही आमच्यात बसलेल्या असाल, तेव्हा तुम्हाला... म्हणजे खुर्ची...”

“खुर्ची आधीच एक रिकामी होती. दोन होतील.”

त्यांनी पिठाचा गोळा उलटा केला. मग म्हणाले, “मला नीट सांगता यायचं नाही. काय घालून याल? बघायला सोपं जाईल असं काहीतरी घाला.” आणि मला एक गरम पाव दिला, वाटेत खायला म्हणून. मला रडू आलं, आणि भूकही लागली होती.

म्हणून मी आईचा निळा कोट काढलाय. मला मोठा होतो, पण आवळायला वेळ नाही. खिशात कात्री, सुई आणि तपकिरी रीळ. ह्या वेळी आठवणीने घेतलं. तुझ्या कोटाची कड सुटलीय, ती आधी नीट करू. दुसऱ्या खिशात तुझ्या कपाचा तुटलेला कान, तो मला आईच्या खोलीत कपाटामागे सापडला. दुकानाला कुलूप लावून किल्ली शेजारी दिलीय, गिऱ्हाइकांचे कपडे नावासकट टांगून ठेवलेत.

मला भीती वाटतेय, ताई. आतून परत यायला वाट आहे का, ते आमच्यात कुणालाच माहीत नाही. उद्यापासून बघणारंही कुणी नसेल. पण अंधारात, परक्या घरात, रिकाम्या खोलीत तुला एकटीला ठेवून मी इथे लोकांच्या पँटा आखूड करत बसू, हे मला जमणार नाही. आत गेल्यावर आपण दोघी बसू. भांडूसुद्धा. तुझ्या बाजूने बघू, माझ्या बाजूने बघू, ती वाट दिसेपर्यंत बघत राहू. एवढं तर मला वर्षभरात शिकवलंय त्यांनी.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशात ठेवतेय. आता निघायला हवं. पाववाले आज डावीकडे बघतील, टेकडीमागे, जिथे रस्ता सुरू होतो. तूही तिकडेच बघ. निळा कोट, गळ्यात टेप, जरा घाईत. तुला लांबून तिळाएवढंच दिसेल. ‘कुणी नाही’ असं म्हणू नकोस, बघत राहा.

आणि दाराची कडी काढून ठेव. घाबरू नकोस. आहेस तिथेच थांब. माणूस निघालाय.

टाचणी